रिपोर्ट पॉझिटिव्ह, काकू ठणठणीत

मागच्या पावसाळ्यात आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत तपासणी शिबिर झालं. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड आणि पॅकेजात बसतंय म्हणून ‘आरए फॅक्टर’सुद्धा. दोन दिवसांनी समोरच्या काकू कागद घेऊन दारात. आकड्यापुढे ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. “हात वाकडे होणार का रे आता माझे?”

आरए म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, मराठीत आमवात. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते तो आजार. (आपण झिजलेल्या गुडघ्यापासून याच्यापर्यंत सगळ्यालाच संधिवात म्हणतो, तो घोळ वेगळाच.) नॉर्वेच्या एरिक वालर यांनी या चाचणीचं मूळ 1940 मध्ये प्रसिद्ध केलं. अँटिबॉडी चिकटवलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशींत रुग्णाचं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव) मिसळलं, की त्या पेशींचे पुंजके होत. 1948 मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ आणि सहकाऱ्यांना तेच पुन्हा सापडलं. पुंजके करणारा हा घटक, म्हणजेच आरए फॅक्टर, ही अँटिबॉडीलाच धरणारी अँटिबॉडी. पोलिसाच्याच मागे लागलेला पोलीस म्हणा ना.

पण हा पोलीस बऱ्याच ठिकाणी फिरतो. क्षयात, हिपॅटायटिस सी मध्ये आणि काही न झालेल्या म्हाताऱ्या माणसांतही.

मग काकूंच्या कागदाचं करायचं काय? हिशेब मांडू. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 1996 पासून घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रौढांत हा आजार साधारण 0.5 टक्के निघाला. तेच प्रमाण धरून आमच्यासारख्या सोसायट्यांतली 1000 माणसं घ्या. आजारी 5. चाचणी त्यांतली फार तर 4 पकडेल, कारण आजार असूनही वीस-तीस टक्के लोकांत हा फॅक्टर सापडतच नाही. उरलेल्या 995 निरोगी माणसांत सुमारे 5 टक्क्यांना तो उगाचच पॉझिटिव्ह येतो, म्हणजे जवळपास 50. एकूण 54 ठळक अक्षरवाले कागद, त्यांत खरे आजारी 4. चाचणी तीच, पण सुजलेल्या बोटांच्या माणसावर केली तर कामाची आणि सरसकट केली तर झोप उडवणारी. ती पॅकेजात घालणाऱ्यांचा मला रागच येतो.

नव्वदच्या दशकाअखेरीस आमवातासाठी ‘अँटी-सीसीपी’ ही दुसरी रक्तचाचणी आली. ती निरोगी माणसांत क्वचितच पॉझिटिव्ह येते. तिच्या नावातला एक ‘सी’ सिट्रुलिनचा, आणि सिट्रुलिन हे नाव कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून, कारण ते आधी कलिंगडाच्या रसात सापडलं! आपल्या प्रथिनांतल्या आर्जिनिनचं रूपांतर सिट्रुलिनमध्ये झालं, की काही जणांची संरक्षणयंत्रणा त्या प्रथिनाला परकं समजते आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवते. त्याच ही चाचणी शोधते. सिगारेटच्या धुराने फुप्फुसात हा बदल वाढतो. सांधा दुखायच्या कित्येक वर्षं आधीपासून या अँटिबॉडी रक्तात असू शकतात, त्यामुळे आजाराची सुरुवात सांध्याऐवजी फुप्फुसात किंवा हिरड्यांत होते का, हे आता संशोधक शोधताहेत.

काकूंना घेऊन मी ठाण्यातल्या एका ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या अशा आजारांच्या डॉक्टरकडे गेलो. बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि एकेक सांधा दोन बोटांत धरून दाबायला लागल्या. आमवात बहुधा मुठीचे उंचवटे, बोटांचे मधले सांधे आणि मनगट धरतो. तिथे मऊसर सूज लागते. नखाजवळचा सांधा तो सहसा सोडून देतो. काकूंच्या गाठी नेमक्या नखाजवळ होत्या, टणक. झीज.

“चिकनगुनिया झाला होता का?” त्यानंतरही सांधे महिनोन्‌महिने हुबेहूब आमवातासारखेच सुजू शकतात. नव्हता झाला.

“सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?” आमवातात हे आखडणं तासभर, कधी त्याहून जास्त टिकतं.

“चहा उकळेपर्यंत,” काकू म्हणाल्या.