मुंबईतला एकांत: कान्हेरीपासून खेतवाडीपर्यंत

मुंबईत एकांताची सोय फार जुनी आहे. बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून खोदली गेली. त्यांतली बरीचशी भिक्खूंच्या राहण्याची. पुढे ओसरी, आत लहानशी खोली, टेकायला दगडातच कोरलेला ओटा, बाजूला पावसाचं पाणी साठवणारी पोढी. पावसाळ्यात फिरती थांबवून एका जागी राहायचं, हा त्यांचा नेम. पण जागा बाजारापासून तुटलेली नव्हती. खर्च उचलणाऱ्यांमध्ये सोपारा-कल्याणचे लोक होते, हे तिथले शिलालेखच सांगतात.

अर्थात हा एकांत संघाच्या शिस्तीतला. एकट्याने बसून स्वतःचा निर्णय करायचा, ही गोष्ट मराठी मनात रुजवली ती तुकोबांनी. वारकरी परंपरा टाळ-मृदंगाची, दिंडीची. तरी हा माणूस भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसला. ‘सत्य असत्याशी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता’ असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. एकांत कशासाठी, याचं एवढं रोखठोक उत्तर माझ्या तरी वाचनात दुसरं नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत चारचौघांत असं बोलणं महागात पडत असे. म्हणून 1849 च्या सुमारास निघालेली परमहंस सभा गुप्तपणे भरे. जातिभेद मानत नाही हे दाखवायला नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. दाराआड, पावाच्या तुकड्यावर धर्मविचार! 1860 मध्ये सभासदांची यादी फुटली आणि सभा मोडली. 1867 साली प्रार्थना समाज स्थापन झाला तो मात्र उघडपणे.

पुढची गोष्ट खेतवाडीची. विड्यांचा धंदा करणारे मारुती कांबळी, म्हणजेच निसर्गदत्त महाराज, गुरु सिद्धरामेश्वर महाराज 1936 मध्ये गेल्यावर घरदार सोडून हिमालयाच्या वाटेला लागले होते. पण ते परत फिरले. संसारात राहूनही हे साधतं, असं त्यांचं ठरलं. मग 1981 मध्ये देह ठेवीपर्यंत मुक्काम मुंबईतच. खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर देशोदेशीची माणसं प्रश्न घेऊन येत आणि महाराज मराठीतून, बरेचदा चढ्या आवाजात, उत्तरं देत. खाली गल्लीची वर्दळ चालूच.

1929 साली स्वतःभोवती उभारलेला पंथच विसर्जित करणारे जे. कृष्णमूर्ती जेजे कला महाविद्यालयाच्या आवारात बोलत, तेव्हा कुणालाच गुरु मानू नका, मलाही नको, हाच त्यांचा धोशा असे. सत्यनारायण गोएंका यांचं भारतातलं पहिलं विपश्यना शिबिरही मुंबईतलंच, जुलै 1969 चं. त्याची तऱ्हा वेगळी. दहा दिवसांच्या शिबिरात वाचन-लेखनही बंद, आर्य मौन, म्हणजे आपसात बोलणंही नाही, आणि रोज संध्याकाळी गोएंका गुरुजींचं ध्वनिमुद्रित प्रवचन. मन शांत होत असेल, पण तुकोबांच्या अर्थाने ते ग्वाही होतं का, याबद्दल मला शंका आहे. शंका आचार्यांना विचारायची मुभा आहे. वाद घालायला जागा नाही.