ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी

गेम ऐन रंगात असताना स्क्रीन काळी पडते, नाहीतर रंगीत चौकोन उमटून कॉम्प्युटर अडकतो. मशीन जुने असले की ग्राहक 'कार्ड गेले', म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारे ग्राफिक्स कार्ड बिघडले, असे धरूनच दुकानात येतात. आमची कळकळीची विनंती आहे, नव्या कार्डाचे पैसे मोजण्याआधी जुने आम्हाला तपासू द्या. दोष पुष्कळदा कार्डाबाहेर निघतो. काळजी करू नका, तुमचे फोटो आणि गेमची सेव्ह डिस्कवर असतात. कार्ड बिघडल्याने ती जात नाहीत.

घरी एवढे करून पाहा

मॉनिटरची केबल मदरबोर्डाला (मुख्य सर्किट बोर्डाला) नव्हे, कार्डालाच लावली आहे ना ते बघा. मग वीज बंद करून, प्लग काढून, स्लॉटची (कार्ड बसते त्या खाचेची) खिटी दाबून कार्ड बाहेर काढा. शिवोली, हणजूण, कळंगुट अशा गोव्याच्या किनारी गावांतून येणाऱ्या कार्डांच्या सोनेरी पट्टीवर खाऱ्या, दमट हवेने काळपट डाग धरलेले दिसतात. मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी पुसा, सुकू द्या आणि कार्ड घट्ट बसवा. डिचोली-सांखळीच्या खाणपट्ट्यात त्रास वेगळा. तिथे तांबडी धूळ हीटसिंकच्या (कार्ड थंड ठेवणाऱ्या धातूच्या) पात्यांत नमद्यासारखी बसते, पंखा फिरतो पण हवा आरपार जात नाही. धूळ ब्लोअरने उडवताना पंखा बोटाने धरून ठेवा.

एसएमपीएसकडे लक्ष द्या

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या केबलमधून आणखी ७५, आठ पिनांच्या केबलमधून १५०. एसएमपीएस थकला असेल तर डेस्कटॉपवर सगळे ठीक चालते आणि गेम सुरू होताच मशीन रीस्टार्ट होते. म्हणून आम्ही तुमचे कार्ड आमच्या मशीनवर आणि आमचे कार्ड तुमच्या मशीनवर चालवून पाहतो.

दुरुस्ती कुठवर?

पंखा आणि चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट, पॅड बदलणे स्वस्त आहे आणि जरूर करावे. शॉर्ट झालेला कपॅसिटर किंवा मॉसफेट असे कार्डावरचे छोटे भागही बदलता येतात. मुख्य चिपच गेली असेल तर मात्र ती तापवून कार्ड चालू करून देण्याचे काम आम्ही घेत नाही. असे कार्ड थोडे दिवस चालते, पुन्हा बंद पडते आणि ग्राहकाचे पैसे दोनदा जातात.

बदलायचेच असेल तर

एसएमपीएस लहान असल्यास २०१९ मध्ये आलेले जीटीएक्स १६५० बघा. त्याच्या बऱ्याच मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी जुन्या बोर्डावर घेऊ नका. त्याला चारच लेन (डेटा जाण्याच्या वाटा) आहेत, त्यामुळे पीसीआय एक्सप्रेस ३.० या जुन्या प्रकारच्या स्लॉटवर त्याचा वेग मार खातो. जीटीएक्स १०६० जुन्या बाजारात स्वस्त मिळेल, पण एनव्हिडिया आता त्याला नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचे मायनिंग (कार्डांवर गणिते चालवून ते मिळवणे) थांबले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. त्यांतली काही चांगलीही निघतात. तरी वापरलेले कार्ड घेताना विकणाऱ्याला समोर अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांगा आणि तापमान स्वतः बघा.

दुकानात येताना नुसते कार्ड न आणता पूर्ण कॅबिनेट आणा. मॉनिटर आणि कीबोर्ड आमच्याकडे आहेत. पावसात आणणार असाल तर कॅबिनेट प्लास्टिकमध्ये गुंडाळा, आणि आत ओल गेली असेल तर घरी चालू करून बघू नका.