मधुमेह आणि आतड्यातले जिवाणू: शोध इथवर कसा आला

२०२३ साली आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह-पाहणीचे आकडे आले आणि मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिला निघाला. देशाची सरासरी ११.४ टक्के, गोव्याची २६.४. तेव्हापासून आमच्याकडे गोव्यात साखरेचा विषय निघाला की कोणीतरी ‘पोटातल्या चांगल्या जिवाणूं’चं नाव काढतंच.

याची सुरुवात उंदरांपासून झाली. अमेरिकेत सेंट लुइसला जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत पूर्ण निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात साध्या उंदरांचे जिवाणू सोडले. दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला शरीराचं दाद देणं कमी झालं, आणि खाणं तर आधीपेक्षा घटलं होतं! हे २००४ मधलं. २००७ मध्ये बेल्जियमच्या पात्रिस कानी यांनी दाखवलं, की तुपकट आहारावरच्या उंदरांत जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात उतरतात, अंगात मंद दाह धुमसत राहतो आणि इन्सुलिनचं काम अडतं.

माणसांचा मोठा अभ्यास २०१२ चा, चीनमधल्या ३४५ जणांचा. मधुमेहींच्या आतड्यात ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवणारे जिवाणू कमी आढळले. आपल्याला न पचणारा चोथा हे जिवाणू आंबवतात. त्यातून निघणाऱ्या ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याचं अस्तर पोसलं जातं. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंपू वाजला की कोंडा लागलेली पोई घ्यायची की मैद्याचा पाव, हा निर्णय या जिवाणूंच्याही ताटातला असतो. माझ्या घरी दहाच्या पेजेबरोबर अळसांद्यांची (चवळीसारख्या कडधान्याची) उसळ असते, ती मला म्हणूनच मोलाची वाटते.

त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये सडपातळ माणसांच्या विष्ठेतले जिवाणू स्थूल पुरुषांच्या आतड्यात सोडले. सहा आठवड्यांनी इन्सुलिन बरं चालू लागलं. पण पुढच्या अभ्यासात अठराव्या आठवड्यापर्यंत हा फायदा ओसरला होता.

मग २०१५ मध्ये एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. डेन्मार्क, स्वीडन आणि चीनमधल्या ७८४ जणांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा मधुमेहाच्या माथी मारलेले बरेच बदल प्रत्यक्षात मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या नेहमीच्या गोळीने घडवलेले निघाले. गोळी न घेणाऱ्या मधुमेहींतही ब्युटिरेटवाल्यांची घट मात्र दिसलीच. हा अभ्यास मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण गोळी सुरू झाल्यावर पोट बिघडल्याची तक्रार आमच्या घराघरांत आहे. त्या तक्रारीपायी, किंवा प्रोबायोटिकच्या, म्हणजे ‘चांगल्या जिवाणूं’च्या औषधाच्या, भरवशावर, डॉक्टरांना न विचारता गोळी सोडणारी माणसं पाहिली की जीव तुटतो.