अठरा टक्के धरलेत ना? मग अठरा वजा कर!

दुकानदारीत हा हिशेब इतक्या आत्मविश्वासाने सांगितला जातो की शंकाच येत नाही. बिल ११८० रुपयांचं, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला. मूळ किंमत काढायची तर ११८० चे १८ टक्के, म्हणजे २१२.४० वजा करा, उरले ९६७.६०. चूक! आता याच ९६७.६० वर १८ टक्के लावून बघा: ११४१.७७ होतात. ३८ रुपये गेले कुठे?

कुठेच नाही. कर लागला होता मूळ किमतीवर आणि आपण टक्के काढले कर धरलेल्या रकमेवर. मूळ किंमत १०० मानली तर बिल ११८ चं. म्हणून ११८० ला ११८ ने भागून १०० ने गुणायचं. मूळ किंमत १००० आणि कर १८०.

पावकी-सवायकी (पाव आणि सव्वाचे पाढे) पाठ केलेल्या पिढीला हे सांगावं लागत नसे. शंभराचे सव्वाशे झाले तेव्हा पाव वाढला. परत शंभरावर यायला मात्र सव्वाशेचा पाव नव्हे, पाचवा हिस्सा काढायचा.

५ टक्क्यांचं तर फारच सोपं. १०५ मधले ५ म्हणजे एकविसावा भाग. हॉटेलचं बिल ५ टक्के करासकट १०५० झालं, तर २१ ने भागा: कर ५० रुपये. त्यात केंद्राचा वाटा (सीजीएसटी) २५, राज्याचा (एसजीएसटी) २५. १८ टक्क्यांना असा सुटसुटीत भाग नाही, ९/५९ येतो. तिथे कॅल्क्युलेटरच बरा.