रंगहीन लिपिडे प्लेटवर कशी दिसतात?

शेंगदाण्याचे तेल, साजूक तूप आणि अंड्याचा बलक यांतील स्निग्धांश वेगवेगळा काढून क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवला, तर बलकाची पिवळी छटा सोडता या तिन्ही द्रावणांकडे पाहून आत काय आहे हे ओळखता येत नाही. प्रत्यक्षात तेल आणि तूप हे जवळजवळ सर्वस्वी ट्रायग्लिसराइडांचे (ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेल्या साध्या मेदाचे) बनलेले असतात, तर बलकाच्या स्निग्धांशात ट्रायग्लिसराइडे सुमारे दोन तृतीयांश, फॉस्फोलिपिडे (फॉस्फरस असलेले मेद) जवळपास ३० टक्के आणि कोलेस्टेरॉल ५ टक्क्यांच्या आसपास असते. हा फरक तासाभरात आणि कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय डोळ्यांना दाखवणारी पद्धत म्हणजे थिन-लेयर क्रोमॅटोग्राफी, अर्थात पातळ थरावरील वर्णलेखन. पुण्यातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ती शिकवली जाते, पण तिच्यातील अर्धे कौशल्य लिपिडे, म्हणजे हे स्निग्ध पदार्थ, वेगळी करण्यात आणि उरलेले अर्धे ती दृश्यमान करण्यात आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते.

काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर साधारण पाव मिलिमीटर जाडीचा सिलिका जेलचा थर दिलेला असतो. त्याच्या खालच्या कडेपासून थोड्या अंतरावर पेन्सिलीने आरंभरेषा आखून केशनलिकेने नमुन्याचा बारीक ठिपका देतात आणि तळाशी थोडासा विद्रावक असलेल्या बंद काचपात्रात प्लेट उभी करतात. विद्रावक केशाकर्षणाने वर चढू लागला की लिपिडांची ओढाताण सुरू होते. सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात आणि ज्या रेणूचे टोक ध्रुवीय, म्हणजे अंशतः विद्युतभारित, असते तो त्यांच्याशी हायड्रोजन बंधांनी जखडून राहतो. ज्याच्यात असे टोक नसते तो विद्रावकाबरोबर पुढे निघून जातो. याचे सर्वांत सुंदर उदाहरण कोलेस्टेरॉलचे आहे. त्याच्या चार कड्यांच्या सांगाड्यावर एकच हायड्रॉक्सिल गट असतो आणि तेवढ्यामुळे ते प्लेटच्या खालच्या भागात अडकते, परंतु त्याच गटाशी एक मेदाम्ल जोडले जाऊन कोलेस्टेरॉल एस्टर तयार झाले, की तो रेणू सर्वांच्या पुढे, विद्रावकाच्या कडेजवळ जाऊन पोहोचतो.

अध्रुवीय लिपिडांसाठी हेक्झेन, डायएथिल ईथर आणि ॲसिटिक आम्ल यांचे ८०:२०:१ हे मिश्रण रूढ आहे. त्यात वरून खाली कोलेस्टेरॉल एस्टर, ट्रायग्लिसराइडे, मुक्त मेदाम्ले आणि कोलेस्टेरॉल असा क्रम लागतो, तर फॉस्फोलिपिडे आरंभरेषेवरून हलतही नाहीत. ॲसिटिक आम्लाचा तो एकच भाग महत्त्वाचा आहे, कारण त्याच्यावाचून मेदाम्लांचे आयनीभवन होते आणि त्यांचा नेटका ठिपका न उमटता लांब शेपूट उमटते. फॉस्फोलिपिडे एकमेकांपासून वेगळी करायची असतील तर क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी यांचे ६५:२५:४ हे मिश्रण घ्यावे लागते. मग अध्रुवीय लिपिडे एकत्रच वरच्या कडेला जातात आणि खाली फॉस्फॅटिडिल इथेनॉलअमाइन, त्याखाली फॉस्फॅटिडिल कोलीन म्हणजे लेसिथिन आणि त्याहीखाली स्फिंगोमायलिन अशी मांडणी होते.

पुण्याच्या हवेचा येथे थेट संबंध येतो. पावसाळ्यातील दमट हवेत सिलिका पाणी शोषून घेते, तिची लिपिडांना धरून ठेवण्याची ताकद कमी होते आणि सगळे ठिपके नेहमीपेक्षा वर सरकतात. म्हणून वापरण्यापूर्वी प्लेट ११० अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास तापवून घेतात. एप्रिल-मे महिन्यांत अडचण उलट बाजूने येते. डायएथिल ईथर सुमारे ३५ अंशांनाच उकळते, त्यामुळे उन्हाळ्यातील दुपारी झाकण सैल राहिले तर मिश्रणातील ईथर उडून जाते आणि ठिपके खालीच रेंगाळतात. जुलैमध्ये मिळालेली अंतरे मे महिन्यातील अंतरांशी ताडून पाहणे म्हणूनच व्यर्थ आहे; ओळखीची शुद्ध लिपिडे प्रत्येक वेळी त्याच प्लेटवर शेजारी चालवली पाहिजेत.

वर्णलेखनाचे जनक मानले जाणारे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्ये वेगळी केली तेव्हा रंगच त्यांना वाट दाखवत होते. युक्रेनमधील खारकिव येथे इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांनी १९३८ मध्ये काचेवरील पातळ थराची कल्पना प्रथम वापरली आणि १९५० च्या दशकात एगॉन श्टाल यांनी तिला प्रमाणित रूप दिले. लिपिडांना मात्र रंग नसतो आणि त्यांपैकी बहुतेक नेहमीच्या अतिनील दिव्याखालीही दिसत नाहीत. प्लेट वाळल्यावर समोर फक्त पांढरा थर असतो.

तो वाचण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बंद भांड्यात आयोडीनचे स्फटिक टाकून त्याच्या वाफेत प्लेट ठेवणे. काही मिनिटांत लिपिडांच्या जागी पिवळे-तपकिरी ठिपके उमटतात आणि प्लेट हवेत ठेवली की ते पुन्हा फिके होतात. आयोडीनचा कल द्विबंध (कार्बन अणूंमधील दुहेरी बंध) असलेल्या मेदाम्लांकडे अधिक असल्यामुळे समान वजनाचे करडईचे तेल आणि खोबरेल शेजारी ठेवले, तर करडईचा ठिपका गडद आणि खोबरेलचा फिका दिसतो. यावरून खोबरेल कमी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण त्यातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त, म्हणजे द्विबंध नसलेली, असतात. प्रिम्युलिन नावाच्या रंगद्रव्याचा फवारा दिल्यास ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात लिपिडे चमकतात आणि त्यांची रासायनिक मोडतोड होत नाही.

यापुढील फवारे विशिष्ट प्रश्न विचारतात. निनहायड्रिन मोकळा अमिनो गट शोधते आणि फॉस्फॅटिडिल इथेनॉलअमाइनला जांभळट-गुलाबी करते; मॉलिब्डेनम असलेले अभिकर्मक फॉस्फरस असलेल्या लिपिडांनाच निळे करते; ड्रॅगेनडॉर्फचे अभिकर्मक कोलीन असलेल्यांना नारिंगी रंग देते. एखादा ठिपका मॉलिब्डेनमला आणि ड्रॅगेनडॉर्फला प्रतिसाद देतो पण निनहायड्रिनला देत नाही, एवढ्यावरून तो लेसिथिन किंवा स्फिंगोमायलिन या वर्गातला आहे हे कळते. सरतेशेवटी गंधकाम्ल फवारून प्लेट तापवली की सर्व सेंद्रिय पदार्थ जळून काळे पडतात, आणि पूर्ण काळे होण्याआधी कोलेस्टेरॉलचा ठिपका क्षणभर लालसर-जांभळा होतो. हा फवारा फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच, मारावा. अनेक विद्यार्थी घाईने थेट गंधकाम्लाकडे वळतात आणि इतर सर्व प्रश्न विचारण्याची संधी गमावतात. प्लेट न बिघडवणाऱ्या पद्धती आधी आणि जाळणारी सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये.

या साध्या प्लेटने एके काळी नवजात बालकांच्या जिवाशी निगडित निर्णयांना आधार दिला आहे. फुप्फुसांतील वायुकोश मिटू नयेत म्हणून गर्भाच्या फुप्फुसांत लेसिथिनयुक्त पदार्थ तयार होतो आणि गर्भारपणाच्या सुमारे ३४ ते ३५ आठवड्यांनंतर त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते, तर स्फिंगोमायलिन फारसे बदलत नाही. लुई ग्लुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये गर्भजलातील या दोन ठिपक्यांचे गुणोत्तर मोजण्याची पद्धत मांडली. ते २ किंवा त्याहून अधिक असेल तर मुदतपूर्व जन्मातही श्वसनाचा गंभीर त्रास होण्याची शक्यता कमी समजली जाई.

प्लेटची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ती लिपिडांचे वर्ग वेगळे करते, वर्गातील एकेक रेणू नव्हे. तुपातील ट्रायग्लिसराइडांचा एकच गोल ठिपका न पडता तो अनेकदा दोन भागांत फुटतो, कारण दुधाच्या मेदात ब्युटिरिक आम्लासारखी आखूड मेदाम्ले असतात आणि ती असलेले रेणू किंचित मागे राहतात. परंतु शेंगदाणा आणि करडई यांची ट्रायग्लिसराइडे साध्या सिलिकावर एकाच उंचीवर थांबतात. थरात सिल्व्हर नायट्रेट मिसळले तर चांदीचे आयन द्विबंधांना धरून ठेवतात आणि द्विबंधांच्या संख्येनुसार तो एकच ठिपका अनेक ठिपक्यांत विभागतो. याहून खोलात जायचे असेल तर प्रिम्युलिनने चमकणारा पट्टा पात्याने खरवडून घेतात, त्यातील मेदाम्लांचे मिथिल एस्टर बनवतात आणि ते गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे वायुरूपात पदार्थ वेगळे करणाऱ्या यंत्राला, देतात. तेथे २० ते २४ कार्बनांची लांब संपृक्त मेदाम्ले थोड्या पण निश्चित प्रमाणात दिसली, तर पट्ट्यातील तेल शेंगदाण्याचे असल्याचा तो ठळक पुरावा असतो.