पित्तनलिकेचा फोटो: खडा शोधण्यापासून नलिका वाचवण्यापर्यंत

कोल्हापुरात पित्ताच्या पिशवीचे ऑपरेशन म्हटले की आता दुर्बिणीचेच धरले जाते. ते चालू असताना मध्येच सी-आर्म (टेबलाजवळ आणता येणारे एक्स-रे यंत्र) लावून पित्तनलिकेचा, म्हणजे यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नलिकेचा, फोटो काढण्याची पद्धत मात्र दुर्बिणीहून बरीच जुनी आहे.

अर्जेंटिनातील कोर्दोबाचे सर्जन पाब्लो मिरिझ्झी यांनी १९३१ मध्ये ऑपरेशन टेबलावरच नलिकेत डाय (एक्स-रेत उठून दिसणारे द्रव्य) सोडून एक्स-रे काढला. त्यांना शोध होता खड्याचा. पिशवी काढूनही मुख्य नलिकेत खडा राहिला, तर कावीळ पुन्हा उलटते.

१९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पिशवी काढली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये. तिथून या फोटोचे काम बदलले. हाताने चाचपून पाहणे गेले, आणि सूज असेल तेव्हा मुख्य नलिकाच पिशवीची नळी समजून कापली जाण्याचा धोका वाढला. म्हणून खड्याइतकेच नलिकांची ठेवण पाहणेही महत्त्वाचे झाले.

पिशवीच्या बाजूला क्लिप लावून पिशवीच्या नळीला बारीक छेद देतात आणि ४–५ फ्रेंच (जाडीचे माप) कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, आत सरकवतात. आधी सलाइनने त्यातली हवा पूर्ण काढायची. राहिलेला बुडबुडा हुबेहूब खड्यासारखा दिसतो. मग निम्मे सलाइन मिसळलेला डाय ५ ते १० मिली, सावकाश. टेबल थोडे उजवीकडे कलवले की नलिका मणक्याच्या सावलीतून बाजूला येते.

डाय खाली लहान आतड्यात उतरला पाहिजे आणि वर यकृतातल्या उजव्या-डाव्या दोन्ही शाखा भरल्या पाहिजेत. खालची नलिका भरली पण वरची नाही, तर आधी डोक्याची बाजू खाली करून पुन्हा डाय द्यावा. तरीही वर काही दिसले नाही, तर कॅथेटर मुख्य नलिकेतच असू शकते. तिथे कात्री थांबलीच पाहिजे. फोटो काढला पण नीट वाचला नाही, तर नलिका वाचत नाही.

अलीकडे आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन) हे हिरवे रंगद्रव्य शिरेतून देऊन खास कॅमेऱ्याने नलिका चमकताना पाहता येतात, तीही छेद देण्याआधी. ऐन वेळी दिले तर यकृतच झगमगते, म्हणून ते काही तास आधी देणे बरे. जाड चरबीखालचे त्यात उमटत नाही आणि नलिकेतला खडाही भरवशाने कळत नाही. खड्याचा संशय असेल तर सी-आर्मच लागतो. हाडांच्या ऑपरेशनांनाही तोच लागतो; रुग्णालयात तो एकच असेल, तर त्यांची यादी पाहूनच वेळ घ्यावी.