शहरी नदी आणि प्राणवायूचा हिशेब

शहरातली नदी किती बिघडली, याचा निवाडा बराच काळ नाकानेच होत असे. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने लंडनच्या संसदेत बसणे अशक्य झाले, तेव्हा कुठे अभियंता जोसेफ बाझलजेट यांच्या गटारयोजनेला पैसा मिळाला. त्यांनी नदीकाठाने मोठी गटारे बांधून मैला शहराच्या पूर्वेला नेला आणि ओहोटीबरोबर नदीत सोडला. प्रक्रिया काहीच नाही. 1866 नंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही, हे यश थोर आहे. पण घाणीची फक्त जागा बदलली होती. 1878 मध्ये त्या गटारांच्या मुखांजवळच ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही बोट बुडून 600 हून अधिक माणसे गेली आणि तिथल्या पाण्याच्या स्थितीवर जोरदार वाद पेटला.

खरा खुलासा प्राणवायूने केला. मैला खाणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो संपला की मासे मरतात आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडू लागतात. म्हणजे वास येतो तोवर फार उशीर झालेला असतो.

1912 मध्ये ब्रिटनच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, सांडपाण्यासाठी बीओडीची (घाण कुजवताना जिवाणू वापरतात त्या प्राणवायूची) मर्यादा सुचवली: 5 दिवसांत लिटरमागे 20 मिलिग्रॅम प्राणवायू. त्यामागे एक अट होती, नदीत सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी हवे. आकडा जगभर पसरला, अट मागे पडली. उन्हाळ्यात ज्या नद्यांत बहुतांश सांडपाणीच वाहते, तिथेही तोच आकडा लावला जावा, हे मला या इतिहासातले सर्वांत महागडे विस्मरण वाटते.

1914 मध्ये मँचेस्टरला सक्रिय गाळाची पद्धत (हवा फुंकून जिवाणूंनी भरलेला गाळ मैल्यात पुन्हा पुन्हा वापरण्याची) सापडली आणि मैल्यावरची प्रक्रिया वेगवान झाली. 1925 मध्ये अमेरिकेत स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीवरून गणिताने दाखवले की प्राणवायू सर्वांत कमी होतो तो नाल्याच्या तोंडाशी नव्हे, तर प्रवाहात बराच खाली. त्यामुळे नमुना कुठे घ्यायचा, हाच प्रश्न बदलला.

ज्ञान हाती असूनही 1957 मध्ये थेम्सचा लंडनमधला पट्टा जैविकदृष्ट्या मृत मानला गेला. प्रक्रिया केंद्रांवर मोठा खर्च झाल्यावर 1974 मध्ये थेम्समध्ये सामन मासा पुन्हा सापडला. तरी पावसाचे पाणी आणि मैला एकाच गटारातून नेण्याची जुनी रचना तशीच राहिली. जोराच्या पावसात ती भरून थेट नदीत सांडे. ते अडवणारा 25 किलोमीटरचा बोगदा 2025 मध्ये पूर्णपणे जोडला गेला.